अजून सूज आहे

"अजून सूज आहे," तो म्हणाला आणि तिच्या घोट्यावरून त्याने अंगठा उचलला.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, हाड मोडले होते तिथे, अंगठ्याचा उथळ खळगा उमटला होता. नवराबायको दोघेही त्याच्याकडे बघत राहिले. खळगा हळूहळू भरून आला.

"एवढीशी तर आहे," ती म्हणाली. "डास चावला तरी याहून जास्त सुजतं."

"डास चावून हाड मोडत नाही."

"अहो, नवं नाटक पुढच्या आठवड्यात लागतंय. थिएटरचे मॅनेजर काय म्हणाले ते सांगितलं ना तुम्हाला? 'पहिल्या प्रयोगाला उभ्या राहिलात तर बाल्कनी तुमची, नाहीतर तिथे दुसरी बाई घेतो आणि तुम्ही कायमच्या खाली तिकीटखिडकीत.'"

"वाईट काय त्यात? बसून काम, दिवसा काम. असल्या कामासाठी लोक देव पाण्यात घालून बसतात. तुझा तर सुंठीवाचून खोकला जातोय."

"मला खोकला नव्हताच," ती म्हणाली आणि तिने पाय स्टुलावरून ओढून घेतला.

त्याने डबा उचलला, चपला घातल्या आणि जिन्यावरून ओरडून सांगितले, की पाय उंच ठेवून बस आणि घाई करू नकोस. हे तो रोज सांगत असे. रोज सांगितलेल्या गोष्टीला बायका जेवढे उत्तर देतात तेवढेच तिने दिले, म्हणजे काहीच दिले नाही.

तो हाडांच्या इस्पितळासमोरच्या दुकानात पट्टे विकत असे. कमरेचे, मानेचे, गुडघ्याचे, मनगटाचे, घोट्याचे. दुकानाच्या काचेत प्लॅस्टिकचा एक पाय आणि अर्धी पाठ उभी होती. गल्लीतले लोक त्याला पट्टेवाले म्हणत, त्यामुळे नव्याने राहायला आलेल्यांना वाटे की हा कुठल्यातरी कचेरीत साहेबांना पाणी नेऊन देतो. सुरुवातीला तो खुलासा करायचा. पुढे त्याने नाद सोडला. पाणी देणे काही वाईट काम नव्हे.

दुकानात तो कुणालाही उभ्याने पट्टा देत नसे. गिऱ्हाइकाला बाकावर बसवायचे, स्वतः खाली गुडघ्यावर बसायचे, दुखरा पाय आपल्या मांडीवर घ्यायचा आणि तिन्ही प्रकारचे पट्टे शेजारी मांडायचे, ही त्याची रीत. मग त्याचे ठरलेले भाषण सुरू होई.

"हे बघा, हा कडांचा. दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या. हा म्हणजे सासू. डावीकडून उभी, उजवीकडून उभी, पाय इकडे नाही की तिकडे नाही. हा दोऱ्यांचा. हा म्हणजे बायको. बांधायला वेळ लागतो, पण एकदा नीट बांधलं की दिवसभर सोबत. आणि हा ताणाचा मोजा, हा पाहुणा. ऊब देतो, गोड वाटतो, पडायची वेळ आली की कामाला येत नाही."

गिऱ्हाईक हसे. हसले की पाय सैल पडतो आणि सैल पायाचे माप बरोबर येते. त्याच्या विनोदात एवढाच मतलब होता.

ती नाटकाच्या थिएटरात बाल्कनीची डोअरकीपर होती. हातात बॅटरी घेऊन अंधारात लोकांना त्यांच्या जागेवर नेऊन बसवणे हे तिचे काम. तिथले सगळे तिला बॅटरीबाई म्हणत. बाल्कनीच्या पायऱ्या उंच, अरुंद आणि सारख्या मापाच्या नसलेल्या. त्या अंधारात त्यांच्यावरून ती इतकी वर्षे वरखाली करत होती आणि कधी अडखळली नव्हती. पडली ती सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, सगळे दिवे लावलेले असताना. कुणाचा तरी विसरलेला चष्मा शोधायला गेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पाय मुरगळला, घोट्याचे हाड मोडले, चष्मा मात्र शाबूत मिळाला. आधी प्लॅस्टर झाले, मग गुडघ्यापर्यंतचा मोठा बूट झाला, आणि आता बूट सोडून पट्टा बांधायचे दिवस आले होते.

या दोघांचा संसार मुळातच दोन पाळ्यांचा होता. तो सकाळी बाहेर पडायचा आणि दिवेलागणीला घरी यायचा. ती त्याच्या आधी निघून गेलेली असायची, ओट्यावर जेवण झाकलेले असायचे. ती परत यायची तेव्हा तो झोपलेला असायचा. मुलगी लहानपणी शेजाऱ्यांना सांगायची, "माझ्याकडे सकाळची आई आहे आणि संध्याकाळचे बाबा आहेत." मुलगी आता लग्न होऊन दूर गेली होती. लग्नाला वर्षे पुष्कळ झाली होती, पण एकत्र काढलेल्या संध्याकाळी मोजल्या असत्या तर ते दोघे अजून नवे जोडपे ठरले असते.

आणि मग तिचा पाय मोडला आणि संध्याकाळी ती घरात असायला लागली.

पहिले काही दिवस दोघेही अवघडले. काय बोलायचे कळेना. मग पत्ते निघाले. ती पत्त्यांत लबाडी करते हे त्याला या वयात कळले. बायकोला नाटके पाठ आहेत हेही तेव्हाच कळले. एक-दोन नव्हे, बाल्कनीच्या दारात उभे राहून ऐकलेली सगळी. प्लॅस्टरचा पाय उशीवर ठेवून ती एकेका नाटकातली सगळी माणसे एकटीच करून दाखवायची, नायिका, नायिकेचा बाप, दारुडा भाऊ, आणि सगळी कुजबुजत. तिने ती अंधारात पाठ केली होती, मोठ्याने बोलायची तिला सवयच नव्हती. तो खुर्ची ओढून जवळ बसायचा, नाहीतर ऐकू येत नसे. दारुड्या भावाला तो इतका हसला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छत ठोकले.

तो सुखात होता. बायकोचे हाड मोडले आहे आणि आपण सुखात आहोत याची त्याला लाज वाटायची, पण म्हणून सुख कमी होत नव्हते. दुकानातून निघताना त्याची पावले आता भरभर पडत. खिडकीत दिवा दिसला की आत कुणीतरी आपली वाट बघते आहे ही गोष्ट त्याला फार आवडायला लागली होती.

त्यातच एके दिवशी इस्पितळातल्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाई कुबड्यांची रबरी टोपणे न्यायला दुकानात आल्या. तरुण बाई, त्याला काका म्हणायच्या. जाता जाता म्हणाल्या, "काका, काकूंना आता दोऱ्यांचा पट्टा बांधा आणि पायऱ्या सुरू करायला सांगा. कठड्याला धरून, रोज थोड्या थोड्या. नुसतं बसून सांधा आखडायचा. आणि सुजेचं काही मनावर घेऊ नका, संध्याकाळची थोडी सूज काही महिने राहणारच."

"सांगतो," तो म्हणाला.

त्या दिवशी घरी गेला तर तिने पत्ते मांडूनच ठेवले होते. निरोप विसरला. दुसऱ्या दिवशी आठवला, तेव्हा मात्र तो मूग गिळून गप्प बसला. उद्या सांगू म्हणाला. असे बरेच उद्या गेले. रोज सकाळी तो तिच्या घोट्यावर अंगठा दाबायचा आणि अजून सूज आहे म्हणायचा. ते खोटे नव्हते, सूज होती. पण ज्या सुजेला दुकानात तो "चालायचंच, हिंडा फिरा" म्हणून वाटेला लावायचा, तीच सूज घरी त्याला डोंगराएवढी दिसत होती.

स्टुलावरून तिने पाय ओढून घेतला त्या दिवशी संध्याकाळी, ती मागे लागली म्हणून, तो तिन्ही प्रकारचे पट्टे घरी घेऊन आला. "नुसते बघून ठेव," असे वर म्हणाला. तिने ते टेबलावर ओळीने मांडले, हात लावून बघितले आणि मग त्याला हुकूम सोडला.

"भिंतीकडे तोंड करून बसा. मागे वळायचं नाही. आवाज आला की बोट वर करायचं."

"आवाजाचं काय? पट्टा आधारासाठी असतो."

"तुमच्या गिऱ्हाइकांसाठी असेल. दुसऱ्या अंकात नायिकेचा बाप जातो तेव्हा आमच्याकडे टाचणी पडली तरी ऐकू येते. मागे एकदा कुणीतरी चॉकलेटचा कागद सोडला, तर बाप उठून बसला आणि म्हणाला, 'तुमचं खाऊन होऊ द्या, मग मरतो.'"

तो हसला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. पहिला आवाज लगेच आला. टक्, टक्. प्रत्येक पावलाला कडक पट्टी चपलेच्या काठावर आपटत होती. त्याने बोट वर केले. "सासू," तो म्हणाला.

"ओळखायला नाही सांगितलं."

तिने तो पट्टा सोडवला तेव्हा त्याच्या चिकटपट्ट्या अशा चर्रकन उकलल्या की दोघेही दचकले. "बाप परत जिवंत होईल," ती म्हणाली. सासू बाद झाली.

मोजा घालून ती चालली तेव्हा आवाज आला नाही, पण त्याने आपणहून मागे वळून बघितले. तिचा पाय बाहेरच्या अंगाला कलत होता.

"हा काढ आधी. पाहुण्याच्या भरवशावर पायऱ्या उतरायच्या नसतात."

"माहीत आहे. नुसता बघितला."

मग बराच वेळ मागे खुडबुड झाली. दोऱ्या ओवायच्या, ओढायच्या, वरून दोन पट्टे आडवेतिडवे घ्यायचे, वेळ लागतोच. मग सगळे शांत झाले. तो वाट बघत बसला.

"चाल ना आता," तो म्हणाला.

"चालले की," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर तिचा हात पडला. ती त्याच्या मागेच उभी होती. अख्खी खोली ओलांडून आली होती आणि त्याला काही म्हणजे काही ऐकू आले नव्हते.

तिचा चेहरा एवढा फुलला होता की त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला वाईट वाटले. हा पट्टा उत्तम होता आणि हा पट्टा बांधून ती जाणार होती.

"छान आहे," तो म्हणाला. "पण अजून सूज आहे. आणखी थोडे दिवस काढ."

"म्हणजे नाटक लागून जाईपर्यंत?"

"पाय आधी की नाटक आधी?"

खुर्चीत बसून तिने दोऱ्या एकेक करून सोडवल्या. त्या संध्याकाळी पत्ते निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात मालाची मांडामांड करत होता. बाकावर मानेला पट्टा बांधलेले एक गृहस्थ कमरेच्या पट्ट्यासाठी थांबले होते. तेवढ्यात काचेचे दार लोटून ती आत आली. काठी टेकत, एकटी, समोरच्या इस्पितळातून रस्ता ओलांडून. आली ती सरळ गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली.

"दोऱ्यांचा पट्टा दाखवा," ती म्हणाली. "उजवा पाय."

"अगं, घरी आहे ना तो."

"तो तुम्ही अंदाजाने उचलून आणलेला आहे. सगळ्या गावाची मापं घेता. माझंही घ्या."

तो खाली बसला. तिचा पाय त्याने मांडीवर घेतला आणि गळ्यातली टेप काढली. इतक्या वर्षांत हजारो पाय या मांडीवर येऊन गेले होते, हा पहिल्यांदाच आला होता. टाचेला भेग होती. अंगठ्याशेजारचे हाड वाढलेले होते. उभे राहून राहून पाऊल पसरले होते. तो घरी जे बघत होता ती फक्त सूज होती, पाय त्याने बघितलाच नव्हता.

"डॉक्टरीणबाईंना भेटून आले," ती म्हणाली. "पायऱ्या केव्हा सुरू करू म्हणून विचारलं, तर त्याच मला विचारायला लागल्या, अजून सुरू नाही केल्यात? म्हणाल्या, काकांकडे निरोप दिला होता."

तो टेपवरचा आकडा वाचत होता. आकडा वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"मिळाला होता निरोप?"

"हो."

"मग?"

मानेचे गृहस्थ समोरच्या भिंतीकडे बघत होते. मान वळत नव्हती म्हणून त्यांनी डोळे तेवढे तिरके केले होते.

"संध्याकाळी घर बरं वाटायला लागलं होतं," तो म्हणाला. "तू असायचीस. मला वाटलं, तिकीटखिडकीत गेलीस तर हे असंच चालू राहील."

"म्हणून माझा पाय बांधून ठेवलात."

"हो."

तिला राग आला होता. एवढा, की पाय ओढून घेऊन तशीच उठून जावे असे तिला वाटले. पण तो खाली मान घालून बसला होता आणि त्याच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस तिला वरून दिसत होते. तेही तिने कधी या बाजूने बघितले नव्हते.

"मलाही बरं वाटत होतं," ती शेवटी म्हणाली. "अहो, मला काय घर आवडत नाही? पण वरती अंधार झाला की सगळी बाल्कनी माझ्या भरवशावर असते. म्हातारी माणसं माझा हात धरून येतात. खाली काचेमागे बसून मी काय करू? सुटे पैसे देऊ?"

त्याने फळीवरून मापाचा पट्टा काढला, दोऱ्या ओवल्या आणि बांधून दिला. कुठली दोरी किती ओढायची हे तिला दोनदा दाखवले. ती उठली, दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि काठी हातात उचलून धरून निघून गेली.

"घट्ट बाई आहे," मानेचे गृहस्थ म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "बोला, कमर कुठे दुखते?"

त्या दिवसापासून ती जिन्यावर चढउतर करायला लागली. आधी कठडा धरून, मग नुसता हात लावून. त्यांच्यात बोलणे होते, पण जेवढ्यास तेवढे. रुसवा तिला फार ताणता येत नसे, म्हणून तिसऱ्या संध्याकाळी तिने पत्ते काढले. खेळताना लबाडी मात्र केली नाही. त्याला ते जास्त लागले.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी ती दुपारीच पट्टा बांधून गेली. तो दुकानातच होता. दिवे लागायच्या सुमारास तो शटरला हात घालतो आहे तोच एक बाई लंगडत आल्या. त्यांनी त्याच सकाळी घोट्याचा पट्टा नेला होता.

"सकाळी छान बसला होता हो. आता बोटांना मुंग्या येताहेत. काळीनिळी पडतील."

"संध्याकाळी पाय भरतोच," त्याने नेहमीचे उत्तर दिले. "घरी जा, पट्टा सोडा, पाय उंच करून पडून राहा. सकाळी परत बसेल."

बाई गेल्या आणि तो शटरचा आकडा हातात धरून तसाच उभा राहिला.

इस्पितळात तपासणी सकाळची, त्यामुळे दुकानात पाय यायचे ते सकाळचे. रात्रभर उशीवर राहून हलके झालेले. त्याने जन्मभर सकाळचीच मापे घेतली होती आणि संध्याकाळी कुणाला पट्टा काचला तर घरी जाऊन पडून राहा म्हणून सांगितले होते. तिचेही माप त्याने सकाळीच घेतले. तिचा दिवस तर आत्ता सुरू होत होता. ती दुपारपासून उभी होती, पाय भरला असणार, आणि तिथे पाय उंच करून पडून राहायला पलंग नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तर ही संध्याकाळची सूजही सांगितली होती. त्याने त्या निरोपातले गैरसोयीचे तेवढेच लपवले नव्हते, सगळेच लपवले होते, आणि लपवता लपवता स्वतःही विसरला होता.

त्याने एक माप मोठा पट्टा पिशवीत टाकला, शटर ओढले आणि निघाला. या वयात पळणे शोभत नाही म्हणून तो भरभर चालला, आणि शेवटच्या चौकापासून पळाला.

थिएटरच्या दारात गर्दी होती. बाल्कनीचा जिना चढून तो वर पोचला तेव्हा पहिली घंटा होऊन गेली होती. ती सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेली होती. पट्ट्याच्या दोऱ्या सुटलेल्या, पावलाची बोटे लालसर, ओठ आवळलेले. शेजारी मॅनेजर उभे होते, सडपातळ, सभ्य माणूस, हातातले घड्याळ सारखे बघत होते.

"घट्ट बांधलं तर बधीर होतंय, सैल केलं तर पाय धरत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. तो इथे कसा आला, हे विचारायलाही तिला सुचले नाही.

"बरं झालं तुम्ही आलात," मॅनेजर म्हणाले. "मी बाईंना तेच सांगतोय, की हट्ट करू नका. आज खाली बसा, मी वरती दुसऱ्या कुणाला तरी उभं करतो. पण त्यांना ते कायमचं होईल अशी भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर होईलही. रोज संध्याकाळी हा खेळ मला परवडायचा नाही." मग ते त्याच्याकडे वळले. "तुम्ही यातले जाणकार. तुम्हीच बघा आणि सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

तो खालच्या पायरीवर गुडघ्यावर बसला. तिने बॅटरी लावून आपल्याच पायावर धरली. त्याने घोट्यावर अंगठा दाबून उचलला. खळगा पडला, चांगला खोल. इतक्या दिवसांत पडला नव्हता एवढा.

तिने तो खळगा बघितला आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितले. आज त्याला खोटे बोलायची गरजच नव्हती. रोजचे तीन शब्द जसेच्या तसे म्हटले असते तरी ते खरे ठरले असते, मॅनेजरनी मान डोलावली असती, आणि उद्यापासून घरच्या खिडकीत रोज संध्याकाळी दिवा दिसला असता. हे सगळे त्याला एका क्षणात दिसले. दिवासुद्धा दिसला.

"सूज राहणार," तो मॅनेजरना म्हणाला. "संध्याकाळी राहतेच, काही महिने राहील. त्याने काही बिघडत नाही. पट्टा मी लहान दिला होता. माप घेताना चूक झाली, ती माझी. हा मोठा आणलाय. बांधून देतो, मग तुम्हीच बघा."

"नक्की?"

"हाड जुळलंय. उभ्या राहतील त्या."

दुसरी घंटा झाली. लोक दोघांच्या बाजूने वाट काढत आत जात होते. त्याने नवा पट्टा चढवला. दोऱ्या खालून वर ओढत आणल्या, पावलापाशी जरा सैल, घोट्यापाशी घट्ट, आणि आडवे पट्टे दोन्हीकडून घेऊन बसवले. त्याचे हात नेहमीसारखे चालत होते. डोळे तेवढे नेहमीसारखे नव्हते, म्हणून त्याने मान वर केली नाही.

"बोटं हलव. मुंग्या?"

"नाहीत."

"टेक पाय. भार टाक."

ती उठली. एक पायरी खाली गेली, एक वर आली. मॅनेजरनी मान हलवली आणि ते घाईने जिना उतरून गेले. ती तिथेच क्षणभर उभी राहिली. तिने त्याच्या कपाळावरचा घाम आपल्या बाहीने टिपला, तिथे, सगळ्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत.

"पळत आलात?"

"चाललो भरभर."

"बसा इथे," तिने वरच्या रांगेतली कडेची खुर्ची दाखवली. "दम खा. घरी गेल्यावर जेवून घ्या, माझी वाट बघू नका."

"पुढच्या सुट्टीला पत्ते?"

"लबाडी करणार मी."

"कर."

तिसरी घंटा झाली आणि अंधार झाला. या बाजूने त्याने तिचे थिएटर कधी बघितले नव्हते. दुकानाच्या सुट्टीला फुकटच्या पासांवर तो एक-दोनदा खाली येऊन झोपून गेला होता. रंगमंचावर उजेड आला, कुणी बोलायला लागले, पण तो तिकडे बघत नव्हता. त्याने कान तिच्या पावलाकडे लावले होते. पाऊल टेकताना कचरते का, दुखऱ्या पायावर ती नेमकी किती वेळ उभी राहते, हे त्याला ऐकायचे होते. तिच्या बॅटरीचा प्रकाश खाली गेला, वर आला, एका म्हातारीला हाताला धरून पुन्हा खाली गेला. प्रकाश दिसत होता. पाऊल ऐकू येत नव्हते. काम चोख झाले होते.

त्याला तिचा अभिमान वाटला आणि फार एकटेही वाटले. दोन्ही एकदमच वाटले. एवढ्या लोकांत बसूनही त्याला आपल्या घरातला ओटा डोळ्यांपुढे दिसायला लागला, आणि ओट्यावर झाकून ठेवलेले ताट.

मग प्रकाश त्याच्या गुडघ्यांवर येऊन थांबला. तिच्या मागे एक गृहस्थ उभे होते, उशिरा आलेले, हातात तिकीट. तो बसला होता ती खुर्ची त्यांची होती. तिने तिकिटावर बॅटरी धरली, खुर्चीच्या आकड्यावर धरली, आणि त्याच्याकडे बघून ओशाळी हसली. त्यालाही हसू आले. सगळी बाल्कनी भरलेली होती, दुसरी जागा नव्हती. तो पिशवी उचलून उठला.

"सांभाळून," ती कुजबुजली. "पायरी आहे."

ज्या आवाजात ती सगळ्यांना सांगत असेल त्याच आवाजात तिने त्याला सांगितले. बॅटरीचा प्रकाश त्याच्या पावलांपुढे पडला आणि एकेक पायरी पुढे सरकत राहिला, आणि त्या प्रकाशामागून तो दारापर्यंत गेला. तिथे तो थांबला आणि मागे वळला. प्रकाश एव्हाना परत आत गेला होता. उशिरा आलेले गृहस्थ अजून उभे होते, त्यांना बसवायचे होते.